मालसून आजींचा दोरान्सू

या महिन्यातल्या एका रविवारी चर्चमध्ये सगळे डोळे मिटून गप्प बसलेले असताना माझ्या गिटारच्या अँपमधून डास निघाला.

खरा डास नाही, पण ऐकणाऱ्याला काय कळणार. बारीक, चिवट, कानाच्या आत जाऊन बसणारा आवाज. नोव्हेंबर चालू आहे, इथे कोरियात, आमच्या कुन्सानला, समुद्रावरून असलं वारं येतं की लोक जिना चढून आले तरी मफलर काढत नाहीत. असल्या थंडीत डास कुठून येणार? तरी दुसऱ्या ओळीतल्या एका म्हातारीने डोळे न उघडता पुढच्या माणसाच्या मानेवर सणसणीत चापट मारली. तो पुढचा माणूस म्हणजे मोक एल्डर.

मोक एल्डर आमच्या चर्चचा कारभार बघतात. खुर्च्यांची रांग वाकडी झाली तरी त्यांना झोप लागत नाही. उपासना संपल्यावर लाल झालेली मान चोळत ते स्टेजपाशी आले आणि माझ्याकडे न बघता, अँपकडे बघत बोलले. पुढच्या रविवारी हंगामाची उपकारस्तुती आहे, पिकासाठी देवाचे आभार मानायचा सण. इतर मंडळ्यांचे पाहुणे येणार आहेत. प्रार्थनेत हा डबा पुन्हा कुंथला, तर इलेक्ट्रिक गिटार कायमची सामानाच्या खोलीत. आणि मीरूला काहीतरी करायचंच असेल, तर लहान मुलांच्या नाचात एक उंच ससा कमी आहे.

मी सतरा वर्षांची आहे. मला ससा व्हायला सांगतात.

तोंड उघडणारच होते, पण आमच्या गाण्याच्या टीमचा म्होरक्या येचानदादा, त्याने माझ्या बुटावर बूट ठेवला. तो कॉलेजात जातो, साधी गिटार वाजवतो आणि गातो, आणि माझं डोकं कधी फिरणार हे त्याला माझ्याआधी कळतं. शाळेत असा बूट ठेवणारा कोणी नव्हता, म्हणून तर या वसंतापासून मी शाळेबाहेर आहे. गणिताचे सर एक वाक्य बोलले, मी दोन बोलले, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता माझ्याकडे शनिवार-रविवारचं तेवढं ते स्टेज आहे. घरी वाजवलं की खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकते. चर्चच्या खाली बिलियर्डचा हॉल आहे, त्याच्या खाली सूपचं दुकान, तिथे कोण कोणाला ठोकणार? तिथे मी गिटार लावते, पाय पेडलवर ठेवते, आणि आठवडाभर पोटात साठलेलं सगळं बाहेर येतं. ते गेलं तर माझ्याकडे आईची टोमणेबाजी आणि सशाचे कान, एवढंच उरतं.

तर डासाचं मूळ मला माहीत होतं. माझी चार पेडल आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: गिटारचा आवाज अँपपर्यंत जाताना मधे हे लोखंडी डबे लागतात. एक आवाज फाडतो, एक आवाजाचे पडसाद काढतो, एक गुहेत गेल्यासारखं करतो, आणि एक नुसता सूर बरोबर आहे का ते सांगतो. चौघांनाही वीज लागते. मी चौघांना एकाच स्वस्त अडॅप्टरवर पोसत होते, एका वायरला चार शेपट्या फुटलेल्या. आता पडसादवालं पेडल म्हणजे आतून छोटा कॉम्प्युटर. ते स्वतःची किरकिर त्याच वायरीत सोडतं आणि बाकीचे तिघे ती निमूट गिळून पुढे अँपमध्ये ओकतात. चार माणसांनी एकाच वाडग्यातून सूप प्यावं आणि त्यातल्या एकाला सर्दी असावी, तसं.

उपाय एकच. असा डबा घ्यायचा ज्यात प्रत्येक पेडलची वीज वेगळी, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पण तो डबाही बघून घ्यावा लागतो. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. नऊवाल्याला नऊच, बारा दिले तर धूर. मिलिअँपिअर मात्र कमी नको, जास्त चालतील, कारण पेडल आपल्याला लागेल तेवढंच ओढतं. आणि पिनेच्या मधे मायनस आहे की प्लस, ते बघायचं. माझं आवाज फाडणारं पेडल कोणा जुन्या कारागिराने बनवलेलं, ते उलटं आहे, मधे प्लस. एकदा सरळ वायर लावली होती तर खोलीभर जळक्या भजीसारखा वास आला होता. तेव्हापासून मी छोटी अक्षरं वाचल्याशिवाय काहीही कशात खुपसत नाही. निदान असं मी सगळ्यांना सांगायचे.

दुकानातला नवा डबा माझ्या ऐपतीबाहेर. मग मोबाईलवरच्या जुन्या-वस्तूंच्या बाजारात शोधत बसले, आणि गुरुवारी सापडला. आठ भोकांचा, जड, जपानी बनावटीचा, आणि इतका स्वस्त की मला वाटलं विकणारा येडा आहे. तो बसस्टँडजवळच्या दुकानापुढे भेटायला आला. ओसाकाला काही वर्षं नोकरी करून परत आलेला, कानात हेडफोन. मी त्याला उभ्या उभ्या वकिलासारखं छळलं. या भोकात किती? दोनशे. आणि हे? तेही दोनशे. हे वेगळं का लिहिलंय? ते पाचशे, मोठ्या पेडलसाठी. मधे मायनस? मायनस. सगळी भोकं एकमेकांपासून वेगळी? वेगळी, ताई, वेगळी. शेवटी बिचारा म्हणाला की माझ्या लग्नाच्या वेळीही मुलीकडच्यांनी इतकं विचारलं नव्हतं, आणि वर सर्व्हिस म्हणून त्याने एक डुकराचं नाक फुकट दिलं.

डुकराचं नाक म्हणजे ते छोटं प्लास्टिकचं बूच. जपानी प्लगचे दोन दात चपटे असतात, आपल्या भिंतीतली भोकं गोल. चपटे दात त्या बुचात घालायचे, पुढे दोन गोल काड्या निघतात. समोरून बघितलं तर हुबेहूब डुकराचं नाक. प्रत्येकाच्या घरी ड्रॉवरमध्ये चार पडलेली असतात.

शनिवारी सरावाला मी राणीसारखी गेले. डबा मधोमध ठेवला, चारी पेडलना वेगवेगळी वायर दिली, उलट्या पेडलला उलटी वायर, आणि येचानदादाला समोर बसवून शिकवायला लागले. म्हटलं, तुम्ही कॉलेजवाले पुस्तकं वाचता पण लेबल वाचत नाही. हे बघ, डबा उलटा करायचा आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं, मोठ्याने. तो हात जोडून म्हणाला, "वाचा, बाईसाहेब."

मी वाचलं. बाहेर जाणारी वीज नऊ व्होल्ट, बरोबर. मधे मायनस, बरोबर. दोनशे, दोनशे, पाचशे. मग शेवटची ओळ, सगळ्यात बारीक. आत येणारी वीज.

शंभर व्होल्ट.

माझ्या दुसऱ्या हातात प्लग होता, प्लगला डुकराचं नाक लावलेलं, आणि नाक भिंतीपासून वीतभर लांब. आपल्या भिंतीत दोनशेवीस असतात. नाक दातांचा आकार बदलतं, विजेचं काही करत नाही. मी आठही भोकांची उलटतपासणी घेतली होती. वीज जिथून आत शिरते ते नववं भोक मात्र मी बघितलंच नव्हतं. म्हणून तो येडा इतक्या स्वस्तात देत होता. येडा कोण, ते आता लिहायला नको.

येचानदादा हसत हसत ड्रमच्या मागे जाऊन आडवा झाला. मी त्याच्यावर वायरीचं भेंडोळं फेकलं. त्याने ते झेललं आणि पोट धरून म्हणाला की अगं, रडतेस काय, दोरान्सू लाव.

दोरान्सू. जुन्या लोकांच्या घरी असते ती लोखंडी पेटी. भिंतीतून दोनशेवीस घेते आणि दुसऱ्या बाजूने निम्मी करून देते, म्हणजे जपानी वस्तू जळत नाहीत. पूर्वी आपल्याकडेही निम्मीच वीज होती म्हणे, तेव्हाच्या वस्तू टाकवत नाहीत म्हणून या पेट्या राहिल्या. आता कोणाकडे शोधणार? तरुण लोकांनी कधीच भंगारात दिल्या. शनिवारी संध्याकाळी विकायला कोण बसलंय?

पण एक होती. भिंतीच्या पलीकडे.

चर्चचं स्वयंपाकघर हॉलला लागूनच आहे, मधे ताटं द्यायची खिडकी. तिचं शटर कित्येक वर्षांपासून अर्ध्यावर अडकलेलं, त्यामुळे स्टेजवरून बघितलं तर आतल्या माणसांचे फक्त हात दिसतात, तोंड नाही. त्या स्वयंपाकघरात मालसून आजींचं राज्य. पाळकसाहेब बोलतात ते ऐकायचं, पण मालसून आजी बोलतात ते करायचं. उपासनेनंतर सगळी मंडळी एकत्र जेवते, आणि तो भात आजी एका अवाढव्य जपानी कुकरमध्ये शिजवतात. तो त्यांच्या थोरल्या बहिणीने फार वर्षांपूर्वी बोटीने आणला. मंडळीने नवा घेऊन देतो म्हटलं तर आजींनी एक रविवार भातच केला नाही, सगळ्यांना नूडल्स घातल्या. पुन्हा कोणी विषय काढला नाही. त्या कुकरच्या बुडाशी बसलेला दोरान्सू कुत्र्याच्या पिल्लाएवढा, पण उचलायला गेलं तर वासराएवढा.

मी आत गेले तेव्हा आजी गुलाबी रबरी हातमोजे घालून मुळे घासत होत्या. मी नीट विचारलं. खरंच नीट विचारलं. आजी, उद्या फक्त गाण्यांपुरता हा दोरान्सू द्याल का?

"हा नाही मिळायचा," आजी मुळ्याकडेच बघत म्हणाल्या. "आणि ऐक—"

पण माझं डोकं फिरलं होतं. "नाही" ऐकलं की माझे कान बंदच होतात. दार आपटून मी बाहेर. म्हातारीला भात महत्त्वाचा, माझं आयुष्य गेलं मुळ्याच्या पाण्यात, असं काहीतरी मी जिन्यात बडबडले. ते येचानदादाने ऐकलं आणि भिंतीनेही.

रात्रभर विचार केला आणि मग माझ्या लक्षात आलं की विचारायची गरजच नव्हती. गाणी उपासनेच्या सुरुवातीला. मग शांत प्रार्थना. मग पाळकसाहेबांचा संदेश. आजी कुकरचं बटण संदेश सुरू होताना दाबतात, म्हणजे 'आमेन' होईपर्यंत भात मुरतो. मधल्या वेळात दोरान्सू नुसता बसलेला असतो, फुकट. मी तो गाण्यांसाठी न्यायचा, पाळकसाहेब संदेशाआधी चष्मा पुसायला लागले की परत. कोणाचं काय जातंय?

रविवारी सगळ्यांच्या आधी गेले. आजी तांदूळ धुऊन, पाणी घालून, कुकर तयार करून खाली गाडीतून राहिलेले भोपळे उतरवायला गेलेल्या. मी कुकरचा प्लग काढला, दोरान्सू पोटाशी धरला आणि पाय फाकवत, बदकासारखी, स्टेजपर्यंत आले. हात मोकळे हवेत म्हणून हातातलं डुकराचं नाक कधीतरी तिथेच ओट्यावर काढून ठेवलं होतं. ते तिथेच राहिलं. हे लक्षात ठेवा, माझ्या नाही राहिलं.

आता दोरान्सू ठेवायचा कुठे? गिटारजवळ ठेवला तर त्याचीच घरघर गिटारच्या तारा उचलतात, ते मी वाचलं होतं. पण त्या दिवशी देवच माझ्या बाजूने होता. व्यासपीठापुढे उपकारस्तुतीचा ढीग रचलेला: लांबडे कोबी, मुळे, सफरचंदं, पर्सिमन, तांदळाच्या पिशव्या आणि वर पिवळेधमक भोपळे. मी दोरान्सू कोब्यांच्या मागे सरकवला, वर एक भोपळा टेकवला, आणि लांब वायर गालिच्याखालून माझ्या डब्यापर्यंत आणली. येचानदादाने हे बघितलं. त्याने आकाशाकडे बघून क्षमा मागितल्यासारखं तोंड केलं.

दिवे लागले. डब्यावरचे आठही हिरवे ठिपके पेटले. मी अँपचा आवाज वर केला, आणखी वर केला, आणि कान लावला.

काही नाही. काहीही नाही. इतकं स्वच्छ, की मला वाटलं अँप बंद आहे.

गाणी अशी झाली की काय सांगू. पडसाद पडले ते शेवटच्या ओळीतल्या पाहुण्यांपर्यंत जाऊन परत आले. मधल्या गाण्यात मी जरा जास्तच फाडलं, पण सुरात फाडलं. मोक एल्डर पहिल्या ओळीत, हात मांडीवर, मान तिरकी. ते माझी चूक ऐकायला बसले होते आणि त्यांना मिळत नव्हती. त्यांच्या शेजारी मालसून आजी, आज हातमोजे नाहीत, हिरवा हानबोक, सणाचा पारंपरिक पोशाख, घातलेला, कारण फळांची टोपली पुढे नेऊन ठेवायचा मान त्यांचा होता.

मग पाळकसाहेब म्हणाले, शांत प्रार्थना. सगळ्यांनी डोळे मिटले. मी गिटारच्या तारांवर हात ठेवला आणि डोळे उघडेच ठेवले, माझी सवय. मोक एल्डरांचाही एक डोळा किलकिला उघडा होता, अँपवर रोखलेला. आम्ही दोघं त्या शांततेकडे बघत होतो. ती माझी होती, मी बनवलेली. एक श्वास, दोन श्वास, डास नाही. खाली बिलियर्डच्या हॉलमध्ये चेंडूवर चेंडू आपटला तो सुद्धा ऐकू आला.

तेवढ्यात खिडकीत हात दिसले.

आजींचे नव्हते. जाडे, केसाळ, अंगठ्याला पट्टी. फ्यो काका. फ्यो काका म्हणजे सगळ्यांना न विचारता मदत करणारा माणूस. आजी पुढे बसल्यात, भात आज जास्त लागणार, तर आपणच लवकर बटण दाबू, असं त्यांनी ठरवलेलं. हातांनी बटण दाबलं. काही झालं नाही. हातांनी वायर धरून ओढत ओढत तिचं टोक शोधलं. चपटे दोन दात. हात थांबले, ओटा चाचपायला लागले, आणि त्यांना सापडलं.

डुकराचं नाक.

मी जोरात मान हलवली, पण शटरखालच्या हातांना डोळे नव्हते. हातांनी चपटे दात नाकात बसवले, समाधानाने एकदा दाबून बघितले, आणि भिंतीकडे निघाले. शंभरवाला म्हातारा कुकर, बहिणीने बोटीने आणलेला, आणि समोर दोनशेवीस. मधे शांत प्रार्थना, माझी, डासाशिवायची. मोक एल्डरांचा एक डोळा. सामानाची खोली. ससा.

खरं सांगते, मी विचार केला. एवढाच की प्लग भिंतीला लागायला अजून हातभर अंतर आहे. आणि मग आवाज फाडणारं पेडल पायाने दाबलं आणि सहाच्या सहा तारा एकदम ओढल्या.

असा आवाज त्या इमारतीत कधी झाला नसेल. पहिली ओळ बसल्या जागी उडाली. चापटवाली म्हातारी "प्रभू आले, आले" म्हणून उभीच राहिली. पाळकसाहेबांनी घाईने "आमेन" म्हणून टाकलं. स्टेज थरथरलं आणि वरचा भोपळा सावकाश, अगदी विचार करून, कलला, कोब्यांवरून घरंगळला आणि मोक एल्डरांच्या बुटाला लागून थांबला. त्याच्या मागे, कोब्यांच्या मधोमध, दोरान्सू. आणि खिडकीत शटरखालून फ्यो काकांचं वाकलेलं तोंड, हातात लोंबणारी वायर, टोकाला नाक.

मालसून आजींनी भोपळा बघितला. दोरान्सू बघितला. मान वळवून काका बघितले, काकांच्या हातातलं नाक बघितलं, आणि मग मला बघितलं. चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही.

मोक एल्डर उभे राहिले होते. त्यांची मान पुन्हा लाल झाली होती, या वेळी चापटीशिवाय. आपण आधीच सांगितलं होतं, पाहुण्यांच्या देखत, ही पोरगी, हा डबा, असं ते सुरू करणार, इतक्यात आजींनी हात वर केला. मोक एल्डर चड्डीत होते तेव्हा रविवारच्या शाळेत त्यांना आजींनी शिकवलंय. सगळी मंडळी त्यांना साहेब म्हणते, आजी नाही.

"बस रे," आजी म्हणाल्या. "पोरीने माझा कुकर वाचवला. चोरी पण तिनेच केली, ते मी बघून घेईन. तुझा भात होईल थोड्या वेळाने. तोवर यांना वाजवू दे."

मोक एल्डर बसले. भोपळा त्यांच्या मांडीवर होता, तो कधी उचलला त्यांनाच कळलं नसावं.

आजी हानबोक सावरत स्वयंपाकघरात गेल्या. आतून भांड्यांचा खणखणाट, एक कपाट उघडल्याचा आवाज, फ्यो काकांना दोन शब्द. मला वाटलं आता लाटणं येणार. आजी परत आल्या तेव्हा त्यांच्या काखेत दुसरा दोरान्सू होता. छोटा, जेवणाच्या डब्याएवढा, एका हाताने उचलता येणारा, धूळ पुसलेली बोटं त्यावर उमटलेली.

त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. मोठा उचलून न्यायला येचानदादाला मानेनेच खुणावलं. तो वाकला आणि त्याच्या पाठीतून जो आवाज निघाला तो माझ्या कुठल्याही पेडलमधून निघत नाही.

मी बघतच राहिले. म्हटलं, हा होता? शनिवारीही होता?

"पाय दाबायच्या मशीनचा आहे," आजी म्हणाल्या. "शनिवारी मी 'ऐक' म्हटलं होतं."

आणि गेल्या.

मग आम्ही वाजवलं. पाळकसाहेबांनी सणाचा म्हणून संदेश आखूड लिहिला होता. तो संपला तेव्हा कुकरमधून नुसती पहिली वाफ आलेली. आजींनी खिडकीतून बोट गोल फिरवलं, म्हणजे चालू ठेवा. आम्ही येत होती ती सगळी गाणी वाजवली, मग पुन्हा वाजवली, मग येचानदादाने कॉलेजच्या नाटकातलं एक गाणं शब्द बदलून घुसवलं आणि पाहुण्यांनी टाळ्या धरल्या. दोन गाण्यांच्या मधे पुन्हा तीच शांतता, धुतल्यासारखी. तिच्यात एकदाच घुर्रर्र ऐकू आलं. मी घाबरून अँपकडे बघितलं. अँप नव्हता. मोक एल्डरांचं पोट होतं. दुसऱ्या ओळीतल्या म्हातारीने हात उचललेला मी बघितला, पण या वेळी शेजारणीने तो धरला.

जेवताना एका पाहुण्याने मोक एल्डरांना विचारलं की तुमच्याकडे गिटार वाजवणारी ती मुलगी कोण, आमच्या तरुणांच्या मेळाव्याला पाठवाल का. मोक एल्डरांनी भाताचा घास बराच वेळ चावला. मग म्हणाले, ती आमची मीरू. रविवारी मोकळी नसते.

सामानाच्या खोलीचं नाव पुन्हा निघालं नाही. सशाचं निघालं, पण येचानदादानेच थट्टेत काढलं, त्याच्या पाठीला मी तेवढ्यात गुद्दा घातला, दुखत होतं तिथेच.

चोरीची शिक्षा वेगळी. चर्चच्या किम्चीचा, म्हणजे आमच्या कोबीच्या लोणच्याचा, लसूण सोलायला बसवलं, आणि तो लसूण किती होता ते विचारू नका. बोटांना इतका वास की गिटारच्या तारांनाही लागला. आजी शेजारी बसून मिरचीपूड कालवत होत्या. मी एकदा विचारलं की आजी, मी दार आपटून गेल्यावर मागून हाक का नाही मारली. आजी म्हणाल्या, पाय दुखत होते. आणि मग म्हणाल्या की पाय दुखतातच आहेत, कारण मशीनचा दोरान्सू आता कोणाकडे आहे?

म्हणून तडजोड झाली. छोट्या दोरान्सूला दोन जागा आहेत. एकीत माझा डबा, दुसरीत आजींचं पाय दाबायचं मशीन. शनिवारी आम्ही सराव करतो आणि आजी अँपच्या शेजारी खुर्ची टाकून, मोजे काढून, पाय मशीनमध्ये घालून बसतात. ते मशीन असलं घरघरतं की त्याची सगळी घरघर गिटारमध्ये शिरते. डास काहीच नाही, ट्रॅक्टर म्हणा. आठ वेगळी भोकं असून काही उपयोग नाही, कारण ती घरघर वायरीतून येतच नाही, मशीनमधून हवेतूनच सरळ तारांवर येऊन बसते. हेही लेबलवर लिहिलेलं नसतं.

या शनिवारी मोक एल्डर खुर्च्या सरळ करायला आले. दारातच थबकले, मान तिरकी केली, आवाज ओळखला, आणि बोट वर करून ताडताड स्टेजपाशी आले. मी हात तारांवरून उचलले आणि नुसती डोळ्यांनी शेजारच्या खुर्चीकडे खूण केली. त्यांनी खाली बघितलं. मशीन. मशीनमध्ये पाय. पायांच्या वर मालसून आजी, डोळे मिटून.

त्यांचं बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी ते हळूच खाली घेऊन कोटाच्या बटणाला लावलं.

"छान वाजतंय," ते म्हणाले.

आजींनी डोळे न उघडता विचारलं, "कोण, मोक का? खुर्ची घेऊन बस. मीरू, जरा मोठ्याने."

मी मोठ्याने केलं.